ललिताबाईंच्या नावाचा डबा

फाल्गुनाच्या अखेरीस झालेल्या लेकीच्या लग्नातले चंद्रकांताबाईंना आता फारसे काही आठवत नसे. मंगलाष्टके, बँडवाल्यांचा रुसवा, नवरदेवाच्या मामाची हरवलेली चप्पल, सगळे एकात एक मिसळून धुरकट झाले होते. लख्ख उरले होते ते एकच वाक्य. पंगत उठायच्या सुमाराला विहीण ललिताबाईंनी मठ्ठ्याचा पेला ओठांपासून जरा दूर धरला, आत डोकावून पाहिले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा मधाळ आवाजात विचारले,

“मठ्ठा चांगला आहे जी इहीनबाई. फक्त येवढं सांगा, हा प्यायले काढला का आंघोळीले?”

मांडव हसला. मांडव हसतो तेव्हा कोण हसले आणि कोण नाही हे निवडता येत नाही. कनाती, झालरी, वरचे छतसुद्धा त्यात सामील असते. वऱ्हाड लाखांदूरला निघून गेले, वच्छलाही त्याच्यासोबत गेली, पण ते वाक्य भंडाऱ्याच्या घरात मागे राहिले. लेक गेल्यावर घरात जी पोकळी होते तिच्यात त्याने आपला बिछाना टाकला. भांडी घासताना, तुळशीला पाणी घालताना चंद्रकांताबाईंना ते ऐकू येई. एकदा न्हाणीघरात बंबातून ऊन पाणी काढताना त्यांना त्यावर कोथिंबीर तरंगताना दिसली आणि त्या तांब्या टाकून बाहेर आल्या.

ते एक्याऐंशी साल. त्या साली त्यांनी जन्मात पहिल्यांदा नवऱ्याकडे हट्ट धरला. कालव्यांच्या कचेरीत कारकून असलेले श्यामराव निंबार्ते हे इतके मवाळ गृहस्थ होते की फायलीवर ‘पाहिले’ एवढा शेरा मारतानाही त्यांचा हात अडखळे. तरीही चैत्र संपायच्या आत नागपूरहून ट्रकवर, ताडपत्रीखाली झाकलेला एक पांढरा फ्रिज गल्लीत उतरला. अक्षय तृतीयेला, लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या सणाला, व्याह्यांना जेवायला बोलवायचे आणि आंब्याचा रस असा गार वाढायचा की ललिताबाईंचे दात कळवळले पाहिजेत. चंद्रकांताबाईंनी आता आयुष्याकडून मागितले होते ते एवढेच.

पण फ्रिज एकट्या त्यांचा राहिला नाही. वच्छलाच्या लग्नात सगळ्या गल्लीने गाद्या दिल्या होत्या, खाटा दिल्या होत्या, अंगणे मोकळी करून दिली होती. गल्लीने ते उपकार कधी बोलून दाखवले नाहीत; ती फक्त वाट्या घेऊन आली. आधी रुखमाबाईंचे दही आले. मग किराणावाल्या गोपीचंदच्या गुलाबाच्या सरबताच्या बाटल्या आल्या. त्यांच्यामागून भिजवलेली डाळ, ओल्या फडक्यातला मोगऱ्याचा गजरा, अर्धे टरबूज, डोळ्यांत घालायच्या औषधाची एक बेवारस कुपी. बर्फाच्या ट्रेचे खण तर घरागणिक वाटले गेले होते, आणि कोणाचा खण कोणता हे चंद्रकांताबाईंपेक्षा गल्लीला अधिक बिनचूक ठाऊक होते.

“अजी, कुलूप आहे ना याले?” त्यांनी एकदा विचारले.

“आहे.”

“मंग लावा.”

श्यामरावांनी चष्मा काढून पुसला. “अवं, लोकाईच्या गाद्यावर आपले पाहुणे झोपले. आता त्याईच्या दह्याले कुलूप लावू का मी?”

फ्रिज आतून मंद घुमत राहिला, जणू आपल्या पोटात नेमके काय काय आहे हे तोही आठवून पाहत होता.

तृतीयेच्या आदल्या दिवशी लाखांदूरहून पोस्टकार्ड आले. व्याही निवृत्त तलाठी असल्यामुळे त्यांचा मजकूर आटोपशीर असे: ‘पूर्वीच्या पत्रात पाच इसम येतील असे कळविले होते. ते अकरा असे वाचावे.’

सणाच्या सकाळी पहिल्या एस.टी.ने नाकाडोंगरीहून भावाच्या, तेजरामच्या, दोन पाट्या आंबे आले. गावरान आंबे, सालीखाली रस थरथरत असलेले, देठाशी काळपटू लागलेले. ते उद्याची वाट पाहणार नव्हते. मागच्या घरच्या सत्तरीच्या रंभाबाई मदतीला आल्या, आणि आठ वाजेपर्यंत दोघींचे हात कोपरांपर्यंत पिवळे झाले. रस पाच माणसांचा नव्हता, अकरांचाही नव्हता. दोन मोठी भांडी काठोकाठ भरली. स्टीलच्या गंजाला, म्हणजे उभ्या पातेल्याला, फ्रिजमध्ये जागा मिळाली, तीही टरबूज बाहेर काढून ते त्याच्या मालकिणीला परत पाठवल्यावर. त्या मालकिणीने दाराआडून “सनाच्या दिवशी टरबूज हाकलून देल्लं बापा” एवढेच म्हटले, पण ते सगळ्या गल्लीला पोचेल अशा बेताने.

दुसरे भांडे तसेच ओट्यावर राहिले. बाहेर ऊन पितळ ठोकल्यासारखे वाजू लागले होते.

“दही काढू का रुखमाबाईचं?” चंद्रकांताबाई फ्रिजसमोर उभ्या राहून स्वतःशीच म्हणाल्या.

“नोको काढू बाई. तिच्याच गादीवर तुहा जावई झोपला होता,” रंभाबाई म्हणाल्या. “आन् येवढी घाबरतं कायले? माह्या घरची विहीर आहे ना. फ्रिज नोयता तवा आमी का जिभा भाजून घेतल्या?”

चंद्रकांताबाईंना लाज वाटली. फ्रिज आल्यापासून त्या विहिरीला विसरल्याच होत्या. वैशाखातली खोल विहीर म्हणजे दिवसाच्या पोटात जपून ठेवलेला रात्रीचा तुकडा. वर आकाश भाजत असते आणि खाली, गोल अंधारात, पाणी आपल्याच विचारात असते. तिथे रस सोडायचा म्हणजे झाकणाचा घट्ट डबा हवा. पितळेचा हवा, म्हणजे वजनाने खाली राहील, आणि आंबट रस कळकू नये म्हणून आतून ताजी कल्हई हवी. घरातल्या साऱ्या भांड्यांची कल्हई लग्नाच्या धबडग्यात उडून गेली होती. एकच डबा कोरा करकरीत होता.

तो ललिताबाईंनी दिलेला होता. मांडवात विहिणींची भेट झाली तेव्हा दोघींनी एकमेकींना एकेक कडीचा डबा दिला होता. लाखांदूरकरांनी आपला डबा भंडाऱ्यातच घेतला होता, चांगले पितळ दुसरीकडे कुठे मिळणार, आणि निंबार्त्यांचाही त्याच दुकानातला. दोन्हींवर नाव घालणारा कारागीरही एकच. त्याची अक्षरे ठसठशीत आणि मोठी. इतकी मोठी, की दोन्ही डब्यांवर देणारीचे नाव आणि गाव कोरून झाल्यावर ‘यांजकडून सप्रेम भेट’ या शब्दांना जागाच उरली नव्हती. तेव्हा त्याचे कोणाला काही वाटले नाही. देणारीचे नाव घातलेले भांडे घेणारीच्या फळीवर मिरवते, हे कोणाला सांगावे लागत नाही.

चंद्रकांताबाईंनी डब्यात रस ओतला, झाकण दाबून बसवले, कडेने मळलेल्या कणकेची वेटोळी लिंपली आणि श्यामरावांच्या हाती दिला. “गाठ पक्की मारा बरं.”

“गाठीचं मले सांगू नोको,” श्यामराव म्हणाले. “सव्वीस वर्सं झाले, गाठीच बांधून राहिलो.”

खरेच होते. त्यांनी डब्याच्या कडीला दोराची जी गाठ मारली ती सुबक होती, दोन्ही पाकळ्या सारख्या होत्या, आणि एक टोक शिस्तीत खाली लोंबत होते. फायलीच्या नाडीला मारतात ती गाठ. साहेबाने टोक ओढले की फाईल उघडली पाहिजे.

डबा खाली गेला, पाण्याला टेकला, गळ्यापर्यंत बुडाला. वरचे टोक रहाटाच्या खांबाला बांधून श्यामराव समाधानाने घरी परतले.

आता त्या दिवशीच्या रिवाजाची गोष्ट अशी, की अक्षय तृतीयेला पितरांसाठी मातीची नवी घागर भरतात, आणि तिला नळाचे पाणी चालत नाही. गल्लीत नळ येऊन सहा वर्षे झाली होती, पण मेलेली माणसे अजून विहिरीचेच पाणी पीत होती. त्यामुळे वर्षभर ओस असलेल्या रंभाबाईंच्या विहिरीवर नऊ वाजल्यापासून बायकांची रीघ लागली. बादल्या उतरल्या, चढल्या, एकमेकींना धडकल्या. चंद्रकांताबाईंना तो कलकलाट स्वयंपाकघरात ऐकू येत होता. तव्यावर पुरणपोळी उलटताना त्यांना तो मंगल वाटला.

त्याच वेळी त्यांच्या पाठीमागे फ्रिजचे दार उघडत होते. सण सगळ्यांच्याच घरी होता. रुखमाबाईंनी दही नेले, जरा वेळाने येऊन अर्धे परत ठेवले. गोपीचंदकडच्यांनी एकेक बाटली स्वतंत्रपणे नेली. गजरा नेणारी बाई दार उघडे ठेवून तिथेच उभी राहिली. “थोडं थंड वाटते जी अथी,” ती म्हणाली आणि पदराने वारा घेत तिने आपल्या नणंदेची सबंध कहाणी फ्रिजच्या तोंडाशी उभी राहून सांगितली.

बाराला पितरांना नैवेद्य दाखवायचा म्हणून चंद्रकांताबाईंनी गंज बाहेर काढला आणि बोट बुडवले. रस कोमट होता. ओट्यावर ठेवला असता तर जसा झाला असता अगदी तसा. उलट त्याला मोगऱ्याचा वास लागला होता. त्यांनी निमूटपणे वाटी भरली आणि पानावर ठेवली. सासूसासऱ्यांचे स्मरण करून हात जोडले. जिवंतपणी सासूबाई प्रत्येक घासाला बोलत, पण गेल्यापासून त्यांनी कशाबद्दल तक्रार केली नव्हती. पितर होणे म्हणजे बहुधा हेच असावे, सगळे कोमट गोड मानून घेणे. ललिताबाई मात्र अजून पितर झालेल्या नव्हत्या. त्या साडेबाराच्या एस.टी.ने येत होत्या.

“अजी! विहिरीतला डबा आना लौकर. थोच वाढू आता.”

श्यामराव गेले आणि परत आले. त्यांच्या हातात दोर होता. दोराच्या टोकाला काहीही नव्हते, ते टोकसुद्धा किंचित नागमोडी, गाठ सुटल्यानंतरचे.

“डबा?”

“दोर आहे,” श्यामराव म्हणाले. जे आहे ते आधी सांगावे अशी त्यांची कचेरीतली शिस्त होती. “डबा नाही.”

“डुबला?”

“तसं म्हनता येत नाही. विहिरीवर कोनी नाही. रंभाबाई पूजेत आहेत, हाक देल्ली तं हातानंच थांब म्हनून राहिल्या.”

चंद्रकांताबाई ओट्याला टेकल्या. समोर कोमट रसाचा गंज, बाजूला पुन्हा शांतपणे घुमू लागलेला फ्रिज, आणि कुठेतरी मांडवाच्या कनाती हलू लागल्याचा भास. बर्फ? त्यांनी ट्रे ओढून पाहिला. साऱ्या खणांत पाणी होते. आता हसे होईल ते एका लग्नापुरते नव्हते. मठ्ठा एकदा गरम निघाला तर तो अपघात. फ्रिज घेऊनही रस गरम निघाला तर ते घराणे.

बाहेर सायकलरिक्षांच्या घंटा वाजल्या. त्यांनी पदर सारखा केला, पाय धुवायला पाण्याची बादली उचलली आणि उंबऱ्यावर आल्या.

चार रिक्षांतून अकरा माणसे उतरत होती. व्याही उतरले, जावई उतरले, वच्छला उतरली आणि आईकडे पाहून हसली. लग्नाला न आलेली मंडळी उतरली. सर्वांत शेवटी, घामाने निथळत, मांडीवरची पिशवी सांभाळत ललिताबाई उतरल्या. आणि नेमका तेव्हाच गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून डोमा आला. त्याच्या खांद्यावर लोखंडी गळ होता आणि हातात, पाणी ठिबकत असलेला, कडेला शेवाळाचा तुरा लागलेला पितळी डबा.

विहिरीत पडलेल्या बादल्या गळ टाकून काढण्यात डोमाचा हात धरणारा सबंध भंडाऱ्यात कोणी नव्हता. गेल्या हिवाळ्यात तो रात्रीच्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकला होता, आणि तेव्हापासून त्याच्या धंद्यात एक नवी करडी सचोटी आली होती.

“बाई, एक इचारू का?” तो चंद्रकांताबाईंना म्हणाला. “बायकाईच्या बादलीत दोर अडकला, गाठ सुटली, डबा खाली गेला. मले बलावलं, म्या काढला. कोनाचा म्हनलं तं कोनीच सांगे नाही. अख्खी गल्ली फिरलो, या नावाची बाईच नाही अथी.” त्याने डबा उन्हात धरला आणि बोट फिरवत स्वच्छ, ठाम आवाजात वाचले, “सौ. ललिताबाई कापगते, लाखांदूर.”

रिक्षावाल्यांनीसुद्धा माना वळवल्या.

“मीच थे,” ललिताबाई म्हणाल्या.

डोमाचा चेहरा उजळला. “घ्या मंग! आधी अंदाजानं देत होतो, लोकं भांडत होते. आता नाव वाचतो. चूकच होत नाही.” आणि त्याने तो डबा, जमिनीतून निघाल्यासारखा गार, ललिताबाईंच्या हातांत ठेवला.

ललिताबाईंनी डबा फिरवून पाहिला. आपले नाव पाहिले, शेवाळ पाहिले. गल्लीतल्या दारादारांत बायका उभ्या होत्या. वच्छलाने आईकडे पाहिले आणि तिचे हसू मावळले.

“इहीनबाई,” ललिताबाई म्हणाल्या, आणि या खेपेला आवाजात मध नव्हता. “आमची भेट येवढी जड झाली का जी, का विहिरीत लोटली?”

चंद्रकांताबाईंनी दीड महिना या भेटीसाठी वाक्ये घडवून ठेवली होती. एकही उपयोगाचे नव्हते. घशाशी आले ते न घडवलेले.

“लोटली नाही जी. तुमच्या मठ्ठ्याच्या बोलन्यावरून फ्रिज घेतला. फ्रिज गल्लीनं भरला. घरात एकच भांडं रस ठेवाच्या लायकीचं होतं, थे तुमचं. म्हनून तुमच्याच डब्यात तुमच्यासाठी रस भरला, आन् विहिरीत सोडला. गाठ यायनं मारली.”

श्यामरावांनी आपल्या बोटांकडे पाहिले.

उन्हातून तीन तास आलेले अकरा जीव रस्त्यावर उभे होते. ललिताबाईंनी नखाने कणकेची वेटोळी उकरली, झाकण फिरवून काढले. वास सुटला, नाकाडोंगरीच्या साऱ्या आमराईचा. चंद्रकांताबाईंनी आतून आणून पुढे केलेल्या पेल्यात त्यांनी रस ओतला आणि तो ओठांना लावला.

पहिला घोट गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ललिताबाईंनी डोळे मिटले आणि डावा हात सावकाश वर जाऊन गालावर, नेमका दाढेवर, टेकला.

चंद्रकांताबाई त्या हाताकडे पाहत राहिल्या. असा हात त्यांनी कितीदा मनात पाहिला होता. पण मनातल्या त्या हातापाशी त्यांना हसू यायचे, आणि आता मात्र पुढे होऊन त्या बाईला सावलीत घ्यावेसे वाटत होते.

“थंड आहे,” ललिताबाई म्हणाल्या. मग, गल्लीलाही ऐकू जावे म्हणून, पुन्हा म्हणाल्या, “लय थंड आहे जी.”

रुखमाबाईंनी आपल्या दारातून मान डोलावली, जणू तो गारवा त्यांच्याच दह्याने दिला होता.

सगळे आत आले. पाय धुतले, पाने मांडली. मग ललिताबाईंनी मांडीवरची ती पिशवी उघडली आणि जरा ओशाळून एक डबा बाहेर काढला. तसाच पितळी, तसाच कडीचा. “घरची बासुंदी आनली होती. फ्रिजात ठेवता का थोडी?”

चंद्रकांताबाईंनी झाकण उघडले. तीन तास एस.टी.च्या खिडकीशी उन्हात बसून आलेल्या बासुंदीतून वाफ नुसती निघायची बाकी होती. दोघींनी एकदम आत पाहिले आणि एकदमच वर पाहिले. वच्छला आईला डोळ्यांनी विनवू लागली. पण ते वाक्य आता खोलीत सर्वांच्या डोक्यावर पिकून लोंबत होते. कोणीही हात वर करून तोडावे.

“बोला जी,” ललिताबाई हळूच म्हणाल्या. “आता तुमची पाळी आहे.”

चंद्रकांताबाईंनी तोंड उघडले. मग झाकण लावले, डब्याचे.

“डोमा! जेवल्याशिवाय जाऊ नोको रे. आन् त्याच्या आधी हा डबा विहिरीत सोड.”

दारात अजून रेंगाळत असलेल्या डोमाने डबा हातात घेतला आणि सवयीने आधी उन्हात धरला. त्याच्या कपाळावर आठी पडली. “सौ. चंद्रकांता निंबार्ते, भंडारा,” त्याने वाचले. “बाई, हा तं तुमचा आहे. यायच्या पिशवीत कसा काय गेला?”

व्याही मोठ्याने हसले, जावई हसले, आणि ललिताबाई पदर तोंडावर घेऊन अशा हसल्या की त्यांना भिंतीला टेकावे लागले. श्यामरावांना त्या हसण्याने धीर आला. ते दोर उचलून पुढे झाले.

“दे इकडे,” ते म्हणाले. “गाठ मी मारतो.”

“नोको!” दोन्ही विहिणी एका आवाजात ओरडल्या.